कोमलचा डावा डोळा

अनया, ईशान,

परवापर्यंत बारा वर्षं ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नव्हती. तुमच्या आजोबांजवळसुद्धा नाही — आणि त्यांच्या शेवटच्या आजारपणात आम्हा दोघांना बोलायला भरपूर वेळ होता. आम्ही गच्चीच्या गळतीबद्दल बोललो, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोललो. हे नाही बोललो.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे. इंग्रजीत मी फार सफाईने लिहिते — जन्मभर त्या सफाईवर नाव कमावलं — आणि ज्या पत्रामुळे एका बाईचं काम थांबलं, ते पत्रही मी उत्तम इंग्रजीतच लिहिलं होतं. तेव्हा ते नको.

अनया, गेल्या महिन्यात तू कॉलेजच्या प्रोजेक्टचे फोटो पाठवलेस. पुठ्ठ्याची घडी, तिच्यात एक स्वस्त भिंग, वर फोन ठेवायचा — लहान मुलांचे डोळे तपासायचं साधन. गरीब देशांत उपयोगी पडेल, असं तू लिहिलं होतंस. आणि खाली विचारलं होतंस, आजी, सोलापुरात असं काही कुणी करायचं का? मी दोन मिनिटांत उत्तर दिलं. नाही गं, आमच्याकडे कुठलं असलं.

खोटं लिहिलं.

होतं. एका कापडी पिशवीत होतं. त्या पिशवीला मी काय म्हणाले, तिच्या मालकिणीला काय केलं, आणि त्यापायी एका मुलीचं काय झालं — ते सांगायला बसले आहे. थोडी इकडेतिकडे जाईन. सरळ त्या जागेपाशी जायला पाय उचलत नाहीत.

पिशवी बालामणीबाईंची. सात रस्त्याजवळ एका डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे त्या मदतनीस होत्या. माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, घरात तेलुगू, शिक्षण सातवीपर्यंत. आयुष्याची वीस-बावीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून काढलेली. शाळांमधून डोळे तपासणी असली की डॉक्टर उद्घाटनाला यायचे, नारळ फोडून, चहा घेऊन जायचे, आणि मग दिवसभर मुलं तपासायच्या त्या बालामणीबाई.

पिशवीत काय होतं, ते मी तुला नीट सांगते, अनया, कारण तुला कळेल. गाठी मारलेली सुती दोरी — अक्षरांच्या तक्त्यापासून वीस फूट मोजायला. लग्नपत्रिकेचा जाड कागद पळीच्या आकारात कापून आइस्क्रीमच्या काडीला चिकटवलेला — डोळा झाकायला, कारण मुलं हाताने डोळा झाकतात आणि बोटांच्या फटीतून बघतात. सुईने बारीक भोकं पाडलेला काळा कागद. त्यातून बघून अक्षर स्पष्ट झालं तर काम चष्म्याचं, नाही झालं तर डॉक्टरचं. दोन डब्या — एकीत साबुदाणा, एकीत राजगिरा. काळ्या कापडावर एक दाणा ठेवायचा आणि एक डोळा झाकून मुलाला तो उचलायला लावायचा. आणि रबरी चपलेच्या तळव्यातून कापलेला एक मोठा ‘ई’. ज्या मुलांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी. ‘ई’ला त्या फणी म्हणायच्या. समोर कार्डावर फणी काढलेली, मुलाच्या हातात रबराची फणी. समोरच्या फणीचे दात जिकडे, तिकडे हातातल्या फणीचे दात करायचे. अक्षर यायची गरज नाही, भाषा यायची गरज नाही. लाजायचीही गरज नाही.

तू चार महिने खपून जे करते आहेस, ते त्या बाईने घरातल्या वस्तूंतून केलं होतं. तुझ्यावर राग नाही माझा. राग कुणावर आहे ते कळेलच.

मी तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. पट्टी लावून रेघ मारल्यासारखी माझी शाळा. हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षी डोळे तपासणीत पहिलीतली मुलं गडबडली होती — एकाने ‘झेड’ला ‘नागमोडी’ म्हटलं, एक मुलगी घाबरून रडली. संस्थेच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवती हसून म्हणाल्या, “इंग्लिश मीडियम ना हे?” तेवढंच. तेवढं वाक्य मी वर्षभर उराशी धरून बसले.

म्हणून त्या वर्षी मी काय केलं? तो तक्ता बाजारात मिळतो तोच, सगळीकडे सारखा. मी तो वर्गावर्गांत फळ्यावर लिहायला लावला. आठ दिवस, प्रार्थनेनंतर, ओळीत उभं करून, पाढ्यांसारखा म्हणून घेतला. ई! एफ पी! टी ओ झेड! एल पी ई डी! हात मागे, मान ताठ. मला वाटायचं, काय सुरेख म्हणतात!

हसा. खुशाल हसा. नजर तपासायचा तक्ता मी मुलांकडून पाठ करून घेतला — एम.ए., बी.एड. झालेल्या बाईने. आणि माझ्या एकाही शिक्षिकेने विचारलं नाही की मॅडम, मग तपासणार काय? का विचारतील? परीक्षा म्हणजे उत्तर पाठ असणं, हे मीच त्यांच्या अंगात भिनवलं होतं. आम्ही सगळ्याच तशा वाढलो होतो. कुणी प्रश्न विचारायच्या आत उत्तर म्हणून टाकायचं, आणि शाबासकी घ्यायची.

तपासणीच्या दिवशी पाहुणे होते, फलक होता — ‘शंभर टक्के विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी’. एका क्लबने चष्म्याचा नंबर मोजायचं यंत्र भेट दिलं होतं. त्याला लाल फीत बांधली होती. ते चालवणारं माणूस मात्र त्यांनी दिलं नव्हतं. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि यंत्रावर पुन्हा कव्हर चढलं. ते कव्हर मी मापाने शिवून घेतलं होतं, कडेला पाइपिंग लावून. पुढे मी निवृत्त होईपर्यंत ते यंत्र त्या कव्हरातच होतं. दर शनिवारी पुसलं जायचं.

मुलं येऊ लागली. धडाधड म्हणू लागली. पाहुणे खूश. बालामणीबाईंच्या कपाळाला मात्र आठी. चौथीतला एक मुलगा उभा होता, त्याची चौथी ओळ चालू असताना त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तक्त्यावर टाकला. मुलगा थांबला नाही. पी ई सी एफ डी. ई डी एफ सी झेड पी.

बालामणीबाईंनी माझ्याकडे बघितलं. “आवो मॅडम, हे तर भजन झालं की!”

पाहुणे मोठ्याने हसले. मीही हसले — ओठांनी. त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण कळण्याआधी अपमान पोचला.

त्यांनी तक्ता भिंतीकडे तोंड करून ठेवला, पिशवी उघडली, आणि मुलांना पुन्हा पहिल्यापासून बोलावलं. तेलुगू-मराठी मिसळून म्हणू लागल्या, “चूडम्मा, हिकडं बघ. फणीचे दात कुटं?” मुलांना मजा वाटू लागली. पोरं रांग मोडून पुढे यायला लागली. माझी रांग!

मग कोमल आली. दुसरीतली, सात वर्षांची. पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर आमच्याकडे आलेली. वडील बिराप्पा — सांगोल्याकडचे धनगर. भावांची मेंढरं गावाकडे, हा मार्केट यार्डात हमाली करायचा. कोमल तक्ता म्हणण्यात वर्गात पहिली होती. मीच तिला सकाळी ओळीच्या पुढे उभी करायचे, इतर मुलांनी तिच्या मागून म्हणावं म्हणून.

बालामणीबाईंनी तिचा डावा डोळा झाकला. तिने फणी बरोबर धरली. मग उजवा झाकला — आणि ते पोर चुळबुळायला लागलं. मान वाकडी करून पळीच्या कडेने बघायला लागलं. हाताने पळी ढकलायला लागलं. फणी कधी वर, कधी खाली, नुसता अंदाज. काळ्या कापडावरचा राजगिऱ्याचा दाणा तिला सापडेना. बोटं कापडभर फिरत होती. साबुदाणासुद्धा दोनदा हुकला.

बालामणीबाई उठून माझ्या खुर्चीपाशी आल्या. हळू बोलल्या, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आब राखून बोलल्या. “मॅडम, ह्या पोरीला डाव्या डोळ्यानं दिसंना. लगीच दाखवाय पायजे. हे वय गेलं की मग न्हाई जमत ओ.”

“तक्ता तिला पूर्ण वाचता येतो,” मी म्हणाले.

“तोंड म्हणतंय की. चिमटीला दाणा घावंना.”

शेजारच्या पाहुण्याने मान लांब करून विचारलं, काय आहे हे? आणि मी — तुमची आजी, जिच्या शिस्तीचं तुमची आई अजून कौतुक करते — मी बालामणीबाईंच्या हातातला तो रबराचा तुकडा दोन बोटांत धरून वर केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चपलेचा तुकडा लेकरांच्या हातात देता? कुणाच्या पायातली?”

“नवी हाय ओ मॅडम,” त्या म्हणाल्या. “दुकानातनं आणून कापली. कुणी पायात घातली न्हाई.”

पाहुणे म्हणाले, “जुगाड!” आणि पुन्हा हशा.

मला आज त्या हशाची चीड येते. पण त्या हशाला खाद्य कुणी दिलं? मी. तो माणूस बिचारा जेवायच्या वेळेची वाट बघत होता. त्याला काय माहीत! मी सांगितलं, पिशवी बंद करा, तक्ता सरळ करा, वेळ होतो आहे. त्यांनी पिशवी बंद केली. तक्ता सरळ केला. जाताना माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली, वाकड्यातिकड्या मराठीत — कोमल, दुसरी, डावा डोळा, डॉक्टरला लगीच.

मी ती फाडली नाही. मी कागद फाडत नाही. भोकं पाडून ‘किरकोळ’ नावाच्या फाइलीत लावली. आणि दुसऱ्या कागदावर, संस्थेकडे जायच्या तपासणीच्या दाखल्यावर, सही केली : शंभर टक्के विद्यार्थी तपासले, सर्वांची दृष्टी सामान्य.

इथपर्यंत सांगून थांबले तर तुम्ही म्हणाल, आजी, तुला माहीत नव्हतं. तू डॉक्टर थोडीच होतीस? गैरसमज झाला. इथपर्यंतची गोष्ट मी स्वतःलासुद्धा अशीच सांगत आले — आणि दर वेळी इथेच थांबत आले.

आता पुढचं.

पाहुणे गेल्यावर, दुपारच्या सुट्टीत, मी कोमलला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. माझ्या रुमालाने तिचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवर शाळेचं नाव लिहिलेलं होतं — हाताएवढी अक्षरं — तिकडे बोट केलं. वाच. वाच ना बाळा. मग तिला वाटलं, मॅडमना काय हवं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि ती हात मागे घेऊन, मान ताठ करून म्हणायला लागली : ई. एफ पी. टी ओ झेड.

आणि म्हणता म्हणता मान वाकडी करत होती. रुमालाच्या कडेखालून उजव्या डोळ्याने बघायला धडपडत होती.

अनया, ती मान मी ओळखत होते. त्याच्या वर्षभर आधी मी तुमच्याकडे परदेशी सुट्टीला आले होते. तू सहा वर्षांची. तुझा एक डोळा आळशी आहे असं बालवाडीतच कळलं होतं, आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची होती — फुलपाखराचं चित्र असलेली. तू ती ओढून काढायचीस, मान वाकडी करून कडेने बघायचीस, मला चावलीसुद्धा होतीस एकदा. तुझ्या आईने मला समजावून सांगितलं होतं — आई, आत्ता नाही केलं तर मेंदू त्या डोळ्याकडे बघायचंच सोडून देईल, मग मोठेपणी चष्मा लावूनही उपयोग नाही. मी दोन महिने रोज सकाळी स्वतःच्या हाताने तुला पट्टी लावली. तू रडलीस तरी लावली. तुझा डोळा सुधारला. आज तू त्याच डोळ्याने भिंगं जुळवते आहेस.

म्हणजे सोलापुरातल्या इतर मुख्याध्यापिकांना माहीत नसेल, पण मला माहीत होतं. नाव माहीत होतं, उपाय माहीत होता, मुदत माहीत होती. औषधाच्या दुकानात मिळणारी एक पट्टी, एक चष्मा आणि आईबापांचा थोडा धाक. एवढंच लागणार होतं त्या मुलीला.

मी रुमाल काढून घडी केला आणि तिला म्हणाले, जा, डबा खा.

का? बारा वर्षं मी हा ‘का’ टाळत आले. तो दाखला संस्थेकडे गेला होता, म्हणून? पाहुण्यांसमोर ज्या बाईला हसले तीच बरोबर ठरली असती, म्हणून? भजनाची गोष्ट बाहेर फुटली असती, म्हणून? सगळंच खरं आहे. आणि सगळं मिळूनही किती थोडं आहे! एका पोरीचा डोळा एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात माझा एक कागद. मला त्या कागदाची किळस येते. पण त्या दिवशी तो जड वाटला, हे नाकारू कशी?

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फीत कापतानाचा फोटो आला. पुढच्या आठवड्यात बिराप्पा आला. बालामणीबाईंनी त्याला फाटकाशी गाठून सांगितलं होतं. दारातच चपला काढून उभा राहिला. खुर्ची दाखवली तरी बसला नाही.

“मॅडम, ती दवाखान्याची बाई म्हनती, पोरीच्या डोळ्यात कायतरी हाय. दावू का कुटं? यार्डातनं एक दिस रजा घेतो की.”

तो रजा घ्यायला तयार होता. हे लक्षात ठेवा. लोक सहज म्हणतात, ह्या लोकांना मुलींच्या तब्येतीची पर्वा नसते. अशी वाक्यं मी स्टाफरूममध्ये ऐकली आहेत, बोलले आहे. तो माणूस माझ्या दारात अनवाणी उभा होता आणि एवढंच विचारत होता — दावू का?

मी त्याला छापील दाखला दाखवला. म्हणाले, सगळी मुलं तपासली आहेत. कोमल तर सगळ्यात छान वाचते. त्या बाई काही डॉक्टर नाहीत.

“मंग बरं हाय,” तो म्हणाला. “तुमी सांगितलं मंजी झालंच की.” आणि हात जोडून गेला.

तेवढ्यावरही मी थांबले नाही. डॉक्टरांना पत्र लिहिलं. आपली मदतनीस मान्यता नसलेली, अनहायजिनिक साधनं वापरते, पालकांत विनाकारण घबराट पसरवते. सुंदर पत्र. एक शब्द खोडलेला नाही. डॉक्टरांनी बालामणीबाईंना शाळांमध्ये पाठवणं बंद केलं. सगळ्याच शाळांमध्ये. त्यांच्या जागी एक तरुण येऊ लागला. तो तक्ता टांगायचा, मुलं म्हणायची, तो खुणा करायचा. ह्या बारा वर्षांत त्या पिशवीपुढे न बसलेली मुलं किती, कोण जाणे. कोमल एक, जिचं नाव मला माहीत आहे.

बालामणीबाई पुढे मुलीकडे भिवंडीला गेल्या म्हणे. पत्ता मी काढला नाही. काढता आला असता. दवाखाना अजून तिथेच आहे.

माझ्या निरोप समारंभात सहा जणांनी भाषणं केली. सहाही जणांनी ‘शिस्त’ म्हटलं. मी शाल घेतली, नारळ घेतला, खाली मान घालून हसले.

गेल्या महिन्यात कोमल घरी आली. एकोणीस वर्षांची. उंच, काटक, उन्हात पळून पळून रापलेली. आठवीत आमची शाळा सोडून गेली होती, पण बिचारी पाया पडली. पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी झाली, लेखी झाली, दोन्हींत वर नाव होतं. वैद्यकीय तपासणीत डाव्या डोळ्याने अडवलं. डॉक्टर म्हणाले, हा लहानपणापासूनचा आहे, आता काही होणार नाही, शाळेत कुणी तपासलं नाही का? तिने सांगितलं, तपासलं होतं की! सगळं वाचलं होतं मी! आणि मग कुणीतरी तिला सुचवलं, शाळेचा तो दाखला आण, अपील करता येईल का बघू — लहानपणी डोळा चांगला होता, असं लेखी असलं म्हणजे.

“मॅडम, तुमच्याकडं सगळे कागद असतात की,” ती म्हणाली. “तुमचं काम एकदम परफेक्ट.” आणि हसून, मागे हात घेऊन, तिने तक्ता म्हणून दाखवला. सगळ्या ओळी. अजून पाठ होत्या. माझ्या दिवाणखान्यात, चहाचा कप बाजूला ठेवून.

मी म्हणाले, शोधते.

तिच्या पाठोपाठ चार दिवसांनी तुझा मेसेज आला, अनया. तुम्ही दोघी एकाच वयाच्या. एकीला मी रोज सकाळी पट्टी लावली. दुसरीला म्हणाले, डबा खा. आणि तुला लिहिलं, आमच्याकडे कुठलं असलं.

ते उत्तर पाठवल्यावर मात्र माझा स्वतःवरचा संताप असा उसळला की घरात बसवेना. किती सहज लिहिलं! बारा वर्षांपूर्वी निदान दार तरी लावून घेतलं होतं. आता तेवढंही नाही. म्हणजे मी सुधारले नव्हते, सराईत झाले होते.

तरी पाऊल उचलायला इतके दिवस लागले; परवा सकाळी मी कोमलच्या घरी गेले. शुक्रवार पेठेत एका बोळात, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बिराप्पा घरी होता. आता कंबरेने काम सुटलं आहे त्याचं. त्याने सतरंजी झटकून घातली. चहा ठेवायला सांगितला. चहा समोर आला तेव्हा मी म्हणाले, आधी ऐका. आणि सांगितलं. इथे जेवढं लिहिलं आहे तेवढं सगळं. रुमालाचं सांगितलं. तुझ्या पट्टीचंही सांगितलं. कुठे आवाज चढवला नाही, रडले नाही. रडण्याचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

बिराप्पाने एकदाच लेकीकडे बघितलं, मग खाली सतरंजीकडे.

कोमलने विचारलं, “म्हणजे तो कागद खोटा हाय?”

“खोटा.”

“आणि तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? ऑफिसातच?”

“हो. तेव्हाच.”

ती उठून उभी राहिली. मला वाटलं, ओरडेल. मला ते हवं होतं, हेही सांगून टाकते — ओरडली असती तर मला काहीतरी मिळालं असतं. तिने माझ्यासमोरचा कप उचलला. चहा तसाच होता. आत नेऊन ठेवला, आणि बाहेर येऊन दार पूर्ण उघडलं.

“मॅडम, तुम्ही जावा आता,” ती म्हणाली. आणि मी उंबऱ्याबाहेर पाय टाकल्यावर, शिकलेल्या, सांभाळून बोलणाऱ्या मुलीच्या आवाजात : “पायऱ्या उंच हाईत. मला पण अंदाज येत न्हाई कधी कधी. बघून उतरा.”

मी उतरले. एकेक पायरी मला स्वच्छ दिसत होती.